परबाचं लायसन

आमचा परब स्कूटर काढायच्या आधी तिला एक प्रदक्षिणा घालतो. टायर दाबतो, आरसा हलवून बघतो, आभाळाकडे तोंड करून "वारो पश्चिमेचो" म्हणतो आणि मगच किक मारतो. जातो कुठे? दिंडोशीच्या नाक्यावर, कोथिंबीर आणायला.

साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून या माणसाला विमान चालवायचंय. मी त्याच्यावर जळतो, सरळ सांगतो. तीस वर्षं आमची दारं समोरासमोर. पण बिल्डिंगमधली पोरं त्याला कॅप्टन म्हणतात आणि मला "अंकल, बॉल द्या ना". आमची ही तर त्याच्या चहात आलं जास्त घालते. वर मला ऐकवते, "परबभाऊजी या वयात विमान शिकतायत. तुम्ही निदान गॅसचा पाइप तरी बदला!"

गाडी अडली होती ती लायसनवर. स्टुडंट, प्रायव्हेट की कमर्शियल? तीन महिने तेच दळण. शेवटी पठ्ठ्या गावी जाऊन देवाला कौल लावून आला. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर स्टुडंट, डावी पडली तर प्रायव्हेट; कमर्शियलचं त्याने देवाला विचारलंच नाही. उजवी पडली. परब तोंड पाडून परतला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मग त्याने फ्लाइंग क्लबात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, आधी स्टुडंटच काढावं लागतं, त्याशिवाय पुढचं मिळतच नाही. म्हणजे देवाला नियम ठाऊक होते, परबाला नव्हते!

"मग स्टुडंटवरच थांब की," मी म्हटलं. "उडायला मिळालं म्हणजे झालं. नाहीतर सरळ कमर्शियल कर, रुबाब तरी."

"नाय रे. कमर्शियल म्हणजे परत नोकरी. स्टुडंटात बाजूक मास्तर, नायतर एकट्यानच उडायचा. प्रायव्हेट झाला की आपलो माणूस बसवूक गावता."

"कोण बसणार?" मी खवचटपणे विचारलं. वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी परदेशात. विचारलं आणि जीभ चावली.

त्याने लायसनचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तू. आणि कोण आसा माका?"

मी उगाच त्याच्या फॉर्मची पानं चाळत बसलो. मला लायसन मिळालं असतं, तर मी बिल्डिंगवरून दोन चकरा मारल्या असत्या, सगळ्यांनी मान वर करून बघावं म्हणून. बाजूच्या सीटसाठी परब मला सुचलाच नसता.

त्याला मी सुचलो. त्याचीही मला जळजळ झाली.