आधी तोंड उघडा

आमच्या शेजारचे भाऊसाहेब सकपाळ दारात आलेल्या माणसाला पाणी विचारत नाहीत, तोंड उघडायला सांगतात. मग आपलं नाक त्याच्या दातांपाशी नेऊन असा श्वास ओढतात की समोरच्याची कवळी हलावी. वासात पास झाला तर खुर्ची. नापास झाला तर, "उद्या या. उपाशीपोटी."

सावर्ड्याच्या एका वायरमनला त्यांनी असंच परत धाडलं. खांबावर चढलेला असताना झाडात काहीतरी अजब दिसलं, तेवढंच सांगायला बिचारा गाड्या बदलत देवरूखला आला होता.

"साहेब, परवाच्या हळदीतली हाय ती. आजची नाय."

"परवाची अजून उतरली नसेल तर जनावरही परवाचंच असेल," म्हणत भाऊसाहेबांनी दार लावलं.

भाऊसाहेब कोर्टात बेलीफ होते. समन्स पोचवत तालुक्यातला एकही डोंगर पायाखाली घालायचा सोडला नाही. निवृत्त झाल्यावर लोक कलमं लावतात, यांनी जनावरं धरली. म्हणजे कोणाला ओळखता न आलेली. गुराखी, वायरमन, बागेतले राखणदार, पाठीवर पोतं बांधून गड चढायला येणारी पुण्यामुंबईची पोरं, ज्याला रानात काही दिसेल त्याचा जबाब हे घेणार. सुरुवात "समक्ष विचारल्यावरून सांगतो की," शेवटी सही, आणि सहीखाली भाऊसाहेबांच्या हातची ठरलेली ओळ: जबाब देणारा शुद्धीवर होता.

भूत म्हटलेलं खपत नाही. "वाटलं" हा शब्द निघाला की पेनाला टोपण लागतं.

एकदा गडावरून उतरलेली चार पोरं आली. लाल डोळे दिसले म्हणाली.

"दोन डोळ्यांत अंतर किती?"

एकाने हात पसरले. भाऊसाहेबांनी टेप लावली. नऊ इंच. मग दहा मिनिटं त्यांची गावं, कॉलेजं विचारली आणि मध्येच म्हणाले, "पुन्हा दाखवा बघू." आता सव्वा फूट भरलं.

"दहा मिनिटांत सहा इंच वाढलं. अजून बसलात तर खोलीत मावायचं नाही. उठा. चला, उठा."

ते इतके कडाडले की आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे माझ्या माडावरून दोन नारळ पडले. एरवी मी पाच सांगतो, पण दोन पडले.

आता माझं. थापा मारणं हा माझा धंदा नाही, धंद्यात इतका जीव कोण ओततो? एका रिकाम्या दुपारी मी गडगा ओलांडून गेलो आणि सांगितलं की मलाही जनावर दिसलंय. तोंड उघडलं, पास झालो. म्हटलं, घाटातल्या तिसऱ्या वळणावर, पहाटे, दगडी कठड्यावर बसलेलं. वासराएवढं. अंगावर केस नाही. आणि दमलेल्या बाईसारखे दोन्ही हात मांडीवर ठेवलेले.

त्यांनी टेप लावली. दहा मिनिटांनी पुन्हा लावली. माप तेच. मुरलेल्या थापाड्याची मापं चुकत नसतात.

"तिसरंच वळण?"

"तिसरंच."

"हात मांडीवर?"

"अगदी असे."

भाऊसाहेबांनी जबाब लिहून माझी सही घेतली, मग उठून आत गेले आणि कपबशी घेऊन आले. त्या घरात परक्या माणसाला चहा मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला. माझ्या कलेचा सत्कार समजून प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या टपरीवर मी तो सत्कार चौघांना रंगवून सांगत होतो. "अरे, ती झिंग्या मैलकुलीची जुनी गोष्ट नाही का, घाटात खडी टाकणारा, दारू पिऊन जनावर बघायचा? तीच माझी म्हणून खपवली. वर चहा पिऊन आलो."

चौघांपैकी कोणी हसेना. मागे वळलो. घाटाच्या गाडीसाठी भाऊसाहेब उभे होते, पिशवीतून टेप डोकावत होती. माझं तिसरं वळण मोजायला निघाले होते.

"झिंग्या नाय," ते म्हणाले. कोर्टातली मराठी कुठल्या कुठे गेली होती. "सोनू रामा सकपाळ. माझा बापूस."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"दीक्षा घेतल्यापासून पाचवं शील त्यानं मोडलान नाय. उभ्या जन्मात थेंब घेतलान नाय. पहाटे कामावर जाताना काय दिसलं ते मुकादमाला सांगितलान. मुकादमानं कागदावर लिवलान, मजूर नशेत होता. काम गेलं. गाव हसला. तुमच्यासारख्यांनी त्याची गोष्ट केली. मरेपर्यंत एकच बोलायचा, बाबा, मी बघितलंय. ते जनावर व्हतं का नव्हतं, मला ठावं नाय. पन लिवायच्या आधी कुनी एकानं तरी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा व्हता."

गाडी आली. ते चढले नाहीत. गाडी गेली, आणि तेही घराच्या वाटेला लागले.

पिशाच्च, हडळ, बिबळ्या, वरिष्ठ अधिकारी, मी कोणासमोरही शब्दाला अडलेलो नाही. त्या संध्याकाळी गडग्यापाशी उभा राहून तीन वेळा परत फिरलो. चौथ्यांदा गेलो.

"भाऊसाहेब, तो जबाब फाडून टाका."

"कागद फाडत नाही मी," ते मान वर न करता म्हणाले. "खाली लिहा काय ते."

मी पेनाकडे हात नेला, तसा त्यांनी कागद मागे ओढला.

"आधी तोंड उघडा."

उघडलं. त्यांनी नाक जवळ आणून नेहमीसारखाच लांब श्वास घेतला आणि कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, वरील मजकूर खोटा आहे. सही केली.

भाऊसाहेबांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि सहीखाली आपली ओळ लिहिली: जबाब देणारा शुद्धीवर होता.