कोकिळा बोंडेचा अंगठा

सावद्यात माझ्या तोडीचा फोटोग्राफर नाही. एक होता, तो मुलाकडे नाशिकला राहायला गेला, तेव्हापासून नाही. गेल्या महिन्यात मी कॉम्प्युटर बदलायला काढला, आणि जुन्या कॉम्प्युटरातल्या फोटोंमधली सगळी माणसं नव्यात जायला राजी झाली, एक बाई सोडून.

जुना खिडकीवाला, नवा सफरचंदवाला. दोघांची रीत वेगळी. नवा बसवून द्यायला भुसावळहून फिरके आले. फिरके म्हणजे पन्नाशीचा, खिशाला चार पेनं लावणारा गृहस्थ. चारांतलं एक चालतं. त्यांनी टेबलावर छापील अर्जांचा गठ्ठा ठेवला.

"भावसारशेठ, या यंत्रातली माणसं त्या यंत्रात न्यायची तर प्रत्येकाची नाहरकत लागते."

"त्यातले निम्मे वारले."

"फोटोत कोण वारलंय?" फिरके म्हणाले.

मी सहावीत शाळा सोडली ती अशाच प्रश्नांमुळे.

पद्धत सोपी होती. अर्जात तीन रकाने: फोटोतल्या माणसाचं नाव, फोटोची तारीख, अर्जदाराशी नातं. मी लिहायचं, काचेसमोर मोठ्यानं वाचायचं, पटलं तर त्या माणसानं खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर आतून अंगठा टेकवायचा. फिरके बाहेरून कागद लावून ठसा घ्यायचे. ठसा उमटला की माणूस पलीकडे.

पासपोर्ट साइजवाले आधी गेले. परगावी जायचं म्हणूनच फोटो काढलेली माणसं ती, त्यांची बॅग भरलेलीच. शाळेचा सातवीचा वर्ग रांगेत गेला. मागच्या ओळीतला एक जण चप्पल राहिली म्हणून परत आला, तेवढा अर्धा तास मोडला. महाजनांच्या लग्नात मात्र वरपक्ष अडून बसला. "आम्ही मुलीकडच्यांच्या आधी जाणार, आणि मानाचा नारळ घेतल्याशिवाय हलणार नाही," नवऱ्याचे मामा म्हणाले. हे मामा लग्नातही असेच अडले होते, मी हजर होतो. मी स्क्रीनपुढे नारळ ठेवला. संध्याकाळपर्यंत वरपक्ष गेला, टेबलावरचा नारळही गेला. फिरक्यांनी त्याची वेगळी नोंद केली.

मग आली कोकिळा बोंडे.

तिचे अकरा फोटो आहेत. अकराही स्थळासाठी काढलेले, साल चौऱ्याऐंशी. हिरवी साडी, मागे रंगवलेलं सरोवर, उजवा हात स्टँडवर, स्टँडवर प्लॅस्टिकची फुलं. आणि अकराही फोटोंत डोळे मिटलेले.

आता खरं सांगतो, ही माझी कलाकुसर होती. कोकिळेची पापणी कधी पडते हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "हां, आता," म्हणायचं, एक श्वास सोडायचा, मग बटण दाबायचं. बरोबर पापणी खाली. दर गुरुवारी तिची आई तिला घेऊन यायची, मिटल्या डोळ्यांचा फोटो बघायची आणि म्हणायची, "या पोरीला दोन घटका डोळे उघडे ठेवता येईनात, संसार काय करेल?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो, "पुढच्या गुरुवारी बघू, काकू." अकरा गुरुवार असे गेले. बाराव्या गुरुवारी त्या आल्याच नाहीत. यावलच्या फोटोग्राफरनं एका बैठकीत उघड्या डोळ्यांचा फोटो काढला आणि महिन्याभरात कोकिळा लग्न होऊन सुरतेला गेली. तिथंच आहे म्हणतात. म्हणतात, एवढंच.

म्हणजे बघा, सगळ्या सावद्याचे डोळे माझ्याकडे उघडे आहेत, आणि जे बघायचे होते ते मीच मिटवले. जुने रोल मी कॉम्प्युटरात स्कॅन करून ठेवले होते; मूळ रोलला बुरशी लागली त्याला वीस वर्षं झाली. ती आता असली तर फक्त या जुन्या डबड्यात, आणि शनिवारी डबडं भंगारात जायचं होतं.

मी अर्ज लिहिला. नात्याच्या रकान्यात 'गिऱ्हाईक' असं टाकलं आणि वाचून दाखवलं.

अकराजणींच्या वतीनं अकरावी बोलली. डोळे अर्थातच मिटलेले. "फोटोवाले, हा अर्ज परत घ्या."

"का गं?"

"गिऱ्हाईक एकदा येतं, फार तर दोनदा."

फिरक्यांनी लाल शाईनं 'नामंजूर' लिहिलं. तेच चालणारं पेन. बुधवारी मी दुसरा अर्ज केला. नातं: 'ओळख'.

"कसली ओळख? नाव तरी घेतलंत का कधी? 'हनुवटी वर करा', 'पदर सारखा करा', 'हां, आता'. एवढंच बोललात."

गुरुवारी तिसरा. नातं: 'गाववाले'. ती नुसती हसली. हसताना तिचा उजवा हात स्टँडवरून सुटला आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा तळवा पाहिला.

"तीनदा नामंजूर झालं की चौथा अर्ज शेवटचा," फिरके म्हणाले. "नियम माझा नाही."

"तुमचं काय आहे मग?"

"पेनं," फिरके म्हणाले. माणूस वाटला होता तितका साधा नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी स्टुडिओचं शटर निम्मं खाली ओढलं आणि बसलो. आयुष्यभर गावाची थट्टा केली, कुणाच्या फोटोत कान मोठे केले, कुणाला बायकोऐवजी मेव्हणीशेजारी बसवलं, पण त्या दीड इंचाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: 'मी हिचे डोळे मुद्दाम मिटवले. ही परत यावी म्हणून.'

फिरक्यांनी कागद उजेडाला धरला. "शेठ, हे नातं नाही. ही घटना आहे."

"माझ्याकडे नात्याच्या नावाखाली एवढंच आहे."

त्यांनी चालणारं पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'ग्राह्य'. मी काचेसमोर उभा राहून वाचून दाखवलं. दोनदा वाचलं.

सरोवरात काही हललं नाही.

"तुमच्या बटणानं पापण्या पडतात होय?" कोकिळा म्हणाली. "पहिल्या खेपेला पडल्या, त्या दिव्याच्या झोतानं. पुढचे दहा मी मिटले. दर गुरुवारी घरातून ठरवून निघायची, आज पण मिटायचे. म्हटलं, कधीतरी विचारतील, का गं मिटतेस. तुम्ही आपलं, 'पुढच्या गुरुवारी बघू, काकू.' मग यावलला नेलं तेव्हा म्हटलं, चला, उघडून टाकावेत."

मी खुर्ची शोधली. ती मागेच होती.

फिरक्यांनी घसा साफ केला. "बाई, अर्ज मंजूर समजायचा का? मग खालच्या कोपऱ्यात चौकोन आहे, तिथं अंगठा टेकवा."

"टेकवते की. पण मला चौकोन कुठला दिसायला? ह्यांना म्हणावं, हात धरून दाखवा. चाळीस वर्षांत तेवढं तरी."