यंत्राचे कान

“हे कोण्या बयताडानं काढलं बे?”

जिना चढून मी दाराशी पोचले होते, बॅग अजून खांद्यावरच होती, तेवढ्यात आतून हे ऐकू आलं. आवाज मधुकाकांचा. आणि ज्या बयताडाची, म्हणजे वेडपटाची, चौकशी चालली होती, ते बयताड म्हणजे मी.

“तेरीच भतीजी ना,” दुसरा आवाज म्हणाला. हे सलीमचाचा, काकांचे ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासूनचे बेंजोवाले. “तिच्या बापानं फोनवर सांगतलं नाई का तुले? पुरा चेहरा तिनंच बदलवला म्हणून?”

“मालूम हाय मले. घरची हाय म्हणून तर बयताड म्हणलो. परक्याले म्हणलो असतो काय?”

मी दार वाजवलं. काका वळले. ओशाळल्याची खूण चेहऱ्यावर नावालासुद्धा नाही.

“आली काय वं? ये, बस. याचे कान कुठी हायेत, थे सांग पयले.”

मी म्हणाले, “हं.”

मधुकाका माझ्या बाबांचे चुलतभाऊ. अकोल्यात जुन्या शहरात सरकी-ढेपेच्या दुकानाच्या वर त्यांचा गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, तिच्या भिंतींना लावलेल्या गाद्या आणि खालून येणारा ढेपेचा वास. भजनी मंडळं, हळदीची गाणी गाणाऱ्या बाया, निवडणूक आली की उमेदवारांचे कवी, सगळे इथेच येतात. मी अमरावतीला घरी बसून एका कंपनीचं काम करते. ही कंपनी संगीताची सॉफ्टवेअर बनवते आणि ती पडद्यावर कशी दिसावीत, हे मी ठरवते. काका जे सॉफ्टवेअर वापरतात ते आमचंच. योगायोग म्हणा किंवा घराण्याचं दुर्दैव म्हणा.

जुनं रूप माझ्या आधीच्या कुणीतरी काढलेलं होतं. पडद्यावर शिसवी लाकडाची चौकट, पितळी पट्टी, ओरखडे पडलेला पत्रा, मोठमोठी गोल बटणं आणि प्रत्येक कोपऱ्यात स्क्रू. चित्रातले स्क्रू! ते कोण उघडणार होतं, कशानं, आणि आत काय सापडणार होतं, देव जाणे. मी कामाला लागले आणि सगळं साफ केलं. लाकूड गेलं, पत्रा गेला, गोल बटणांच्या जागी साध्या सरळ रेघा आणि आकडे आले. सगळे स्क्रू काढले आणि तरी एकही पट्टी खाली पडली नाही. ते किती खरे होते, ते यावरून समजावं.

काका मात्र त्या चित्रासोबत संसार करत होते. गोल बटणाला ते कान म्हणत. “कान पिळल्याबिगर पोरगं अन् मशीन, दोनीबी सुधरत नाई,” हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं म्हणजे, “दिसते तसं वाजते.” लाकडाची चौकट दिसली की आवाज गरम येतो, पत्रा दिसला की कडक. आवाजाचं गणित दोन्हीकडे एकच आहे, वरचं चित्र बदललं तरी आवाज केसभरसुद्धा बदलत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मनात मात्र दर भेटीत सांगितलं.

जुन्या रूपात काचेचे दोन दिवे होते, सॉफ्टवेअर उघडलं की हळूहळू नारिंगी होणारे. ते पूर्ण पेटेपर्यंत काका कुणाला गाऊ देत नसत. “थांबा बावा, मशीन गरम होऊ द्या.” तोवर अख्खं भजनी मंडळ टाळ मांडीवर ठेवून चहा पीत बसायचं. दिवे म्हणजे नुसतं चित्र होतं. ते गार असताना गायलं तरी विठ्ठलाची काही तक्रार नव्हती.

आणि दसरा. मी कॉलेजात असताना आम्ही एकदा सोनं द्यायला अकोल्याला आलो होतो. आदल्या दिवशीच्या पूजेच्या खुणा अजून तशाच होत्या. तबला, पेटी, माइक यांना हळदकुंकू वाहिलेलं, हे सगळ्यांकडेच असतं. पण काकांनी सॉफ्टवेअरमधलं एकेक यंत्र पडदाभर मोठं करून उघडलं होतं आणि प्रत्येकाला वेगळं कुंकू लावलं होतं. लावणार कुठे? काचेवर. सगळी बोटं एकाच काचेवर उमटल्यामुळे मॉनिटरला गोवर निघाल्यासारखा दिसत होता. “यंत्रं अलग अलग हायेत नं वं,” काका मला समजावत होते, “एकाच्या कुंकवात सगळ्याईले कसं निपटवू?”

तर असा हा माणूस. त्याचा कंप्युटर गेल्या आठवड्यात बंद पडला. कंप्युटरवाल्यानं नवा जोडून दिला. नव्यावर जुनी आवृत्ती चालत नाही, म्हणून माझी आली. मॉनिटर तेवढा काकांनी हट्टानं जुनाच ठेवून घेतला, जाड कडांचा, अंधूक. मी त्यालाही नाक मुरडलं. मग काकांनी जाहीर केलं की या बिनकानाच्या भुतावर आपण काम करणार नाही, आणि खोली खालच्या दुकानदाराला ढेप ठेवायला देऊन टाकतो. मी अकोल्याला पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कौंडण्यपूरचं भजनी मंडळ यायचं होतं. त्यांना नाही म्हणून कळवायचंच बाकी होतं. बाबा घाबरले. “खोली गेली तर हा माणूस दिवसभर करेल काय? जा, समजाव त्याला.” आमच्या घरात समजवायला मला पाठवलं, जिला रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ सांगायलाही दोन चौक लागतात.

“कॉन्व्हेंटची हाय,” काका चाचांना म्हणाले. “तोंडानं हं म्हणते अन् मनातल्या मनात इंग्रजीत शिव्या देऊन राहिली असन.”

हे खोटं होतं. शिव्या मी मराठीतच देत होते.

“हे पाय सलीम, कसं दिसते. सफाचट. बँकेत आल्यासारखं वाटते का नाई? आता याच्यातून गाणं निघन का टोकन नंबर?”

“अरे, चलाके तो देख,” चाचा म्हणाले. “पोरगी अमरावतीवरून आली.”

“बरं. वाजव.”

चाचांनी बेंजो मांडीवर घेतला आणि एक जुनी चाल छेडली. काकांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. मी मागे उभी होते. त्यांच्या हाताला रेघा आणि आकडे सापडतात का, एवढंच बघायचं होतं. सापडतील याची मला खात्री होती. मीटिंगसाठी मी तसं छातीठोकपणे लिहून दिलं होतं.

काकांचा हात माउसवर गेला. बाण पडद्याच्या उजव्या बाजूला, खाली, सरळ एका जागी जाऊन थांबला. त्यांनी तिथे क्लिक केलं. पुन्हा केलं. तिथे काहीच नव्हतं. राखाडी मोकळी जागा होती. ती मी मुद्दाम ठेवली होती. नजरेला विसावा म्हणून.

मला वाटलं, आता शिव्यांचा भडिमार होणार. चाल संपली. काकांनी नुसता माउस सोडला, “चहा सांगतो” म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले. चहा एरवी ते खिडकीतून ओरडून सांगतात.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. ज्या जागी त्यांनी क्लिक केलं होतं, तिथे काचेवर काहीतरी चिकटलेलं होतं. लहान, गोल, मळकट. दसऱ्याचं कुंकू असणार, कधी पुसलंच नाही, मी मनात म्हटलं. मी नख लावलं.

“बेटी, थे नको.”

चाचांचा आवाज इतका हलका कधी ऐकला नव्हता. मी हात मागे घेतला. ती टिकली होती. मरून, रंग उडालेली, कडेनं डिंक लावलेली.

“तेरी काकू की है,” चाचा म्हणाले.

शैलाकाकू ऑर्केस्ट्रात गायची, हे मला माहीत होतं. ती गेली तेव्हा मी शाळेत होते. मला आठवते ती स्वयंपाकघरातली.

“आवाजाचं मशीन मधु सांभाळे. अन् इको लय वाढवे त्याच्यायचा. यात्रेत पब्लिकले आवडे ना घुमणारा आवाज. शैलाभाभी चिडे. मंग एक दिवस आपल्या कपाळाची टिकली काढली अन् मिक्सरवर, इकोच्या कानापाशी लावली. म्हणे, इथपर्यंतच फिरवायचा. याच्या पुढं गेला का माझा आवाज माझा रायत नाई.” चाचांनी बेंजोवर कापड टाकलं. “भाभी गेली. मिक्सर जळला. भंगारवाल्याले पुरा मिक्सर देला त्यानं, टिकली काढून घेतली. मंग कंप्युटरात हुडकत बसला, तसाच कान कुठं दिसते का म्हणून. तुमच्यावाल्यात दिसला. मंग टिकली काचेवर, त्याच जागी.”

“हं,” मी म्हणाले.

“कोणी बी गाऊ दे. पयले कान टिकलीवर नेते. मंग कमी-जास्त.”

मी पडद्याकडे बघत राहिले. माझी राखाडी जागा, तिच्या मधोमध टिकली. आमच्या सॉफ्टवेअरवर हवं ते रूप वरून चढवायची सोय आहे. पोरकट गोष्ट आहे असं माझं मत होतं, आणि मीटिंगमध्ये न बोलता मी ते भुवयांनी कळवलंही होतं.

जिन्यावर चपला वाजल्या. काका आले. तीन कटिंगचे ग्लास स्वतःच्या हातांत, बोटं भाजत असलेली. ते टेबलावर ठेवून त्यांनी मला उठायची खूण केली.

“राहू दे वं बाई. तुह्या कामात खोट नाई. लोकं वापरतच असतीन. मीच म्हातारा झालो. सलीम, कौंडण्यपूरवाल्याईले फोन लाव, सांग येऊ नका. अन् खालच्याले सांग, खोली घे म्हणा.”

चाचा फोन काढेनात. काका मॉनिटरची वायर काढायला खाली वाकले.

मी उठले नाही. बॅगेतून माझा लॅपटॉप काढला, टेबलावर उघडला आणि एक कोरा पडदा समोर घेतला. घसा खाकरला. त्या खोलीत माझा आवाज मला अनोळखी वाटला. गाद्यांमुळे असेल.

“काका, वायर राहू द्या. टिकलीही राहू द्या. कान केवढा होता, तेवढं सांगा.”