काढू नये

दादांच्या खिशात नेहमी एक कार्ड असे. त्यावर ठळक अक्षरांत ‘निरीक्षक (निवृत्त)’ आणि खाली ‘गुप्त तपास, सखोल तर्क, पूर्ण विश्वास’ असं छापलेलं. निरीक्षक ते खरोखरच होते, पण वजनमापांचे. तीस वर्षं दुकानांतले तराजू तपासले आणि निवृत्त झाल्यावर माणसं तपासायला घेतली. “माझ्या नजरेतून गुंजभरही सुटत नाही,” असं ते स्वतःच सांगत, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं. मागच्याच महिन्यात त्यांनी आईच्या हरवलेल्या कवळीचा चार दिवसांत छडा लावला होता. ती आईच्या तोंडातच होती, पण छडा तो छडा.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. ही नेमणूक जन्मतःच झाली होती आणि राजीनाम्याची सोय नव्हती.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला धाकट्याची बायको कामाच्या खोलीतून ओरडली, “अहो, ड्राइव्ह दिसत नाहीये!”

धाकटा धावतच आत गेला. त्या हार्ड ड्राइव्हमध्ये तिच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाची चित्रं होती. तीन वर्षांची मेहनत, चौसष्ट पानं. आज चारच्या आत ती छापखान्यात पोचली नाहीत तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार होतं. दुसरी प्रत नव्हती. ती करून ठेवायचं काम धाकट्याकडे होतं आणि तीन महिने तो “या रविवारी नक्की” म्हणत होता.

तो तोंड उघडणार तोच दादा वही घेऊन हजर झाले.

“दिसत नाही? शेवटची कधी दिसली?”

“काल दुपारी,” ती म्हणाली.

“अंगावर काय होतं?”

“काळं कव्हर.”

“कुणाशी वैर?”

“भाऊजी, ती कुठे गेलेली नाही. ही काय, तुमच्या चहाच्या कपाखाली आहे.”

दादांनी कप उचलला. खाली विटेएवढी काळी पेटी होती. “सापडली!” त्यांनी वही मिटली. “दीड मिनिट. लिहून ठेव रे.”

“मला दिसतेय हो! कॉम्प्युटरला दिसत नाहीये!”

“असं होय,” दादा म्हणाले आणि वही पुन्हा उघडली.

धाकट्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. केबल बदलली. ती दुसऱ्या भोकात घालून पाहिली. कॉम्प्युटरने दर वेळी कानांवर हात ठेवले. पेटीवरचा निळा दिवाही लागेना. तिची विजेची वायर टेबलामागे गेलेली दिसत होती, म्हणजे वीज मिळत असणार असं त्याने धरलं. शेजारी दादांचा भिंगवाला दिवा तर लख्ख जळत होता. सूक्ष्म पुराव्यांसाठी त्यांनी तो कालच संध्याकाळी तिथे आणून बसवला होता.

बायको छापखान्याला फोन करायला गॅलरीत गेली. जाताना तिचे डोळे भरून आले होते, आणि धाकट्याला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“मेली बहुतेक,” तो पुटपुटला.

“म्हणजे खून!” दादांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातला ताणकाटा काढला, पेटी अडकवली आणि काटा डोळ्यांसमोर धरला. “नऊशे चाळीस ग्रॅम. घाबरू नकोस. चित्रं आतच आहेत. गेली असती तर पेटी हलकी भरली असती.”

“दादा, चित्रांना वजन नसतं.”

“तीन वर्षांच्या कामाला वजन नाही? हे बायकोसमोर बोलून दाखव.”

दादांनी दार लोटलं आणि वहीतून एक चिठ्ठी काढली. “आता खरं ऐक. काल दिवा बसवताना ही मला टेबलामागे भिंतीवर चिकटवलेली मिळाली. पुरावा म्हणून काढून ठेवली.”

चिठ्ठीवर दोनच शब्द होते. काढू नये.

“चित्रकाराच्या घरात ‘काढू नये’! म्हणजे काय काढू नये? चित्र! सरळसरळ धमकी आहे. तिने काढली, तर त्यांनी पेटीचा काटा काढला.” दादांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली. “अक्षर बाईचं. काना तिरका, म्हणजे मनात कपट. उकार लांबलचक, म्हणजे जीभही लांब.”

अक्षर धाकट्याला ओळखीचं वाटलं. कुठे पाहिलं ते मात्र आठवेना.

तेवढ्यात विजेवर चालणारी शेकायची पिशवी घेऊन आई आत आली. “माझा गुडघा ठणकतोय. तुझा दिवा काढते जरा.”

“आई, तपास चाललाय!”

“दिवसाउजेडी दिवा कशाला लागतो रे तपासाला?” आईने टेबलामागे हात घालून दिव्याचा प्लग उपसला आणि थबकली. “हा दुसरा प्लग खाली का लोळतोय? आणि इथली चिठ्ठी कुठे गेली? सूनबाईने मुद्दाम लावली होती, हा प्लग कुणी काढू नये म्हणून.”

तिने लोळणारा प्लग त्याच्या जागी खोचला. पेटी गुरगुरली. निळा दिवा लागला. पडद्यावर चौसष्ट चित्रं एकामागोमाग हजर झाली.

धाकट्याची हाक ऐकून बायको धावत आली. आधी ती हसली, मग रडली, आणि पावणेचारला चित्रं पाठवून झाल्यावर नवऱ्याकडे वळली. “दुसरी प्रत?”

“केलेलीच नाही,” धाकटा म्हणाला. “चुकलो.”

“आज रविवार नाहीये,” ती म्हणाली, “तरी बसा.”

तो मुकाट्याने बसला, आणि प्रत पुरी होईपर्यंत उठला नाही. ती झाल्यावर बायकोने नवी चिठ्ठी लिहून प्लगवर चिकटवली: ‘भाऊजींनी काढू नये.’

दादांनी भिंग लावून ती तीनदा वाचली. मग धाकट्याला कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाले, “बघ. मी म्हटलं नव्हतं? अक्षर तेच आहे.”