रफूची जाहिरात

कोणत्या धंद्याला कोणता सोशल मीडिया शोभतो, हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन! दोन रविवारांचा कोर्स केलाय मी त्याचा. भिंतीवर प्रमाणपत्र आहे. ताईचं रफूचं दुकान मी महिन्याभरात घरोघरी नेलं. कसं नेलं, ते मात्र जरा सावकाश ऐका.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. खिडकीशी बसते, डोळ्याला भिंग, मांडीवर कुणाचा तरी कोट. कोटाच्याच आतल्या दुमडीतून ती चार धागे काढून घेते आणि भोकावर विणत जाते, एक उभा, एक आडवा, एक उभा, एक आडवा. लेकराला खरचटल्यावर आईने फुंकर घालावी, इतक्या हलक्या हाताने. काम संपलं की भोक कुठं होतं ते तिचं तिलाही सापडत नाही.

पण चौकात तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं, आणि फाटलेलं सांधण्यापेक्षा नवं घेणं लोकांना सोपं वाटू लागलं. ताईने ठरवून टाकलं. तीन महिन्यांत काम वाढलं नाही, तर शटर ओढायचं आणि कारखान्यात काजं-बटणं करायला जायचं. हे सांगताना ती हसली. आमच्या घरातल्या बायका रडू येणार असलं की आधी हसून घेतात.

मी म्हटलं, तू सुई सांभाळ, बाकी माझ्यावर सोड. तिने सोडलं. तिचं तिथंच चुकलं.

पहिला मान फोटोवाल्या माध्यमाला. कोर्समध्ये शिकवलं होतं, आधीचा फोटो डावीकडे, नंतरचा उजवीकडे. डावीकडे नखाएवढं भोक पडलेली बाही, उजवीकडे नुसती बाही. आता न दिसणं हीच जिची कारागिरी, तिचं काम फोटोत दिसावं कसं? बघणाऱ्यांनी ठरवलं की हे दोन वेगळे कोट आहेत आणि आम्ही भामटे आहोत. उरलेल्या अकरा जणांनी कोटाची किंमत विचारली.

मग व्हिडिओ. ताईच्या सुईचं तासभराचं चित्रण मी जसंच्या तसं टाकलं. कौतुकाचा पूर लोटला. कुणाला तिसऱ्या मिनिटाला झोप लागली, कुणाचं किरकिरं बाळ निजलं, एका गृहस्थांच्या तर झोपेच्या गोळ्या सुटल्या. आठवड्यात चार हजार चाहते, सगळे घोरत पडलेले. झोपलेलं गिऱ्हाईक उठून दुकानात येत नाही, हे कोर्समध्ये नव्हतं.

नोकरदारांच्या माध्यमावर मी लिहिलं, बावीस वर्षांचा अनुभव, सुईवर हुकमी पकड, कोणत्याही कामाला तयार. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कारखान्याचं! काजं-बटणं विभागात जागा रिकामी आहे, ताबडतोब रुजू व्हा.

ताईने ते दोनदा वाचलं. भिंग काढून पुसलं. "अरे, तू मला यातून वाचवतोयस, की तिकडे धाडतोयस?"

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी गल्लीच्या ग्रुपवर गेलो. पावणेतीनशे माणसं, सगळी पायी दुकानात येऊ शकणारी. तिथं मी सगळ्यात देखणा फोटो टाकला. हिरवा लोकरी कोट, शिंगाची बटणं, कोपराला कसरीने पाडलेलं भोक. खाली लिहिलं, 'असे गेलेले कोटही आम्ही जगवतो!' नाव लिहिलं नाही, एवढी सभ्यता माझ्यात आहे. पण शिंगाच्या बटणांचा हिरवा कोट गल्लीत एकच बाई घालायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. औषधवाले काका आणि बेकरीवाल्या काकू आधीच आत होते. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोट वडिलांचा आहे," त्या म्हणाल्या. "तो अंगावर असला की मला मुलांसमोर उभं राहायला धीर येतो. आज तो अंगावर नव्हता, तरी सहाशे मुलं माझ्या कोपराकडे बघत होती."

ताई उठून उभी राहिली. "बाई, लोक माझ्याकडे कापड आणत नाहीत, झाकायचं असतं ते आणतात. ते माझ्याकडून राखलं गेलं नाही. चूक माझी." मग माझ्याकडे वळली. "तू बाहेर हो. पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही."

आवाज जराही चढला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

समोरच्या बाकावर बसून मी एकेक फोटो पुसला, एकेक खातं बंद केलं. चार हजार जणांची झोपमोड झाली. मी मात्र पहिल्यांदाच त्या दुकानाकडे नीट पाहिलं. खिडकीत ताईचा वाकलेला माथा, आणि बाईंच्या कोटावरून फिरणारा तिचा हात, माफी मागत असल्यासारखा.

पुढच्या आठवड्यात दुकानात गर्दी झाली. मला काही उमगेना. उलगडा बेकरीत झाला. काकू पावाबरोबर प्रत्येकाला सांगत होत्या, "सख्ख्या भावाला बाहेर काढलं हो तिने, गिऱ्हाइकाचं एक भोक चारचौघांत दाखवलं म्हणून. तिथं डोळे मिटून द्यावं." आणि लोक कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं दडवलेलं घेऊन यायला लागले. गेलेल्या नवऱ्याचा स्वेटर, लेकीचा पहिला फ्रॉक, मुलाखतीसाठी मागून आणलेला आणि खिळ्याला अडकलेला सूट. बाईंनी स्वतः दोन शिक्षिकांना धाडलं. तीन महिने सरले, शटर वरच राहिलं. कारखान्याला ताईने नकार कळवला.

मग ताईचा राग निवला. तिने मला चहाला बोलावलं. मी छाती काढून पायरी चढतोय, तोच तिला रस्त्यावरून येणारं गिऱ्हाईक दिसलं.

"अरे, मागच्या दाराने जा, मागच्या दाराने! तुला इथं पाहिलं तर धंदा बसेल."

तेव्हापासून मी मागच्या दाराने येतो आणि इस्त्रीच्या कोळशाच्या पोत्याशेजारी उभ्याने चहा पितो. परवा कोर्समधल्या सरांनी फोन करून विचारलं, बहिणीच्या धंद्याला शेवटी कोणतं माध्यम योग्य ठरलं?

खरं तेच सांगितलं. "मीच. फक्त मला दाराबाहेर ठेवावं लागतं."