आजोबांचा खडक, सर्वांसाठी खुला

फुकट ते पौष्टिक, यावर माझी अढळ श्रद्धा! म्हणून शाळेचं वाचनालय माझ्याकडे आलं तेव्हा मी जाहीरच केलं, "पुस्तकांना पैसे नाहीत ना? नसू देत! इंटरनेटवर सगळं मोफत मिळतं. बघाच, आपल्या रेवदंड्याची पोरं अलिबागच्या पोरांना शिकवतील!"

सुरुवात मोफत नकाशाने केली. गृहपाठ दिला : घरातल्या मोठ्यांची लाडकी जागा नकाशावर दाखवा.

मुलांनी देऊळ, शाळा, वडापावची गाडी दाखवली. सहावीतल्या स्वराजने मात्र भर समुद्रात खूण केली. बाबांच्या मोबाइलमध्ये बघून, अगदी नेमकी! खाली लिहिलं होतं, 'आजोबांचा खडक. इथे शेवंडं मिळतात. कोणाला सांगायचं नाही.'

शेवंड म्हणजे कोळंबीची थोरली बहीण, हॉटेलवाले उड्या मारून घेतात. पण माझं लक्ष कुठे! काय ती निरागसता, म्हणत मी नकाशा पालकांच्या ग्रुपवर टाकला. एरवी माझ्या सूचना कुणी उघडतही नाही. या वेळी अंगठ्यांचा पाऊस पडला!

दुसऱ्या दिवशी बंदरात एकही होडी शिल्लक नव्हती. सगळ्या त्या खडकावर! जाळ्यांत जाळी अडकली, शिव्या झाल्या, आणि स्वराजच्या बाबांची, अनंताची, जाळी कुणीतरी कापली.

ती लक्तरं घेऊन अनंता थेट वाचनालयात आला.

"बाई, बापानं मरताना ती जागा मला सांगितली. सख्ख्या भावाला न्हाय सांगितली!"

मागोमाग तो सख्खा भाऊ, कमलेश, हजर. "व्हय? आणि मला म्हनायचा तिथं नुसता चिखल हाय!"

दोघे तिथेच भिडले. शब्दकोशांचं कपाट आडवं झालं.

"थांबा, आत्ता पुसते!" मी ओरडले. पण पुसायची सोय पैसे भरणाऱ्यांनाच होती. फुकट्यांना खूण फक्त हलवता येत होती. मग मी ती हळूच उचलून लांब, रिकाम्या पाण्यात नेऊन ठेवली. हुशारी हो, दुसरं काय!

'खूण बदलली आहे,' अशी सूचना ग्रुपवर आपोआप गेली.

ते रिकामं पाणी म्हणजे मोठ्या जहाजांची वाट. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण "अनंताची खरी जागा हीच, म्हणून तर लपवत व्हता!" असं म्हणत सगळ्यांनी तिथे जाळी टाकली. एका जहाजाने ती ओढून नेली. गावाचा हंगामच बुडाला.

खडकावर आता शेवंड औषधालाही उरलेलं नाही. अनंता दुसऱ्याच्या बोटीवर रोजाने जातो. परवा स्वराज पुस्तक परत करायला आला.

"बाबा मला दर्यावर न्हेत न्हायत, बाई. म्हनतात, तुला कायपन सांगायची सोय न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मग मधल्या सुट्टीत इथे येत जा, बाळा. मी आहे ना."

त्याने पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवलं आणि दारापर्यंत मागे सरकला.

"नको, बाई. तुम्ही परत कायतरी शिकवाल."