संघप्रियाबाईंची क्लाउडवरील मोहीम

पडद्याच्या तळाशी एक बारीक हिरवी रेघ होती. ती शंभरांत अकरा अंश भरोन चवदा महिने तेथेच तळ देवोन राहिली होती. मीरा रोड प्रांती, बेव्हर्ली पार्क मुक्कामी ती ज्यांच्या संगणकात पडली होती, त्या सौभाग्यवती संघप्रियाबाई प्रोग्रामर यांजवर कैसा प्रसंग गुदरला आणि त्यांनी फत्ते कैसी केली, हे वडीलधाऱ्यांनी पुसिले. त्याची हकीकत न वाढविता, न चोरिता लिहिली ती ऐसी.

बाईंनी सोळा साल जावा नामक भाषेत चाकरी करोन मोठा लौकिक मिळविला. मग क्लाउड नामे नवा गनीम उठला, म्हणजे कंपनीचे काम दूरच्या भाडोत्री यंत्रांवर चालविण्याची विद्या, आणि बाईंनी तिचा ऑनलाइन कोर्स घेवोन मोर्चे लाविले; किती शिकोन जाहले हे दाखविणारी ती हिरवी रेघ याच कोर्साची. तो पहिला बुरूज पडतो न पडतो इतक्यात दुसरी विद्या चालोन आली, मग मोर्चे उठवोन तिकडे कूच केले, आणि तेथे शिड्या लाविताच एआयची फौज दिसो लागली. ऐसे नऊ कोर्स, नऊ वेढे, आणि गड एकही हाती नाही.

तशांत दरसाल हुजुरातून एक तक्ता येई, आणि ज्याने त्याने आपली विद्या शून्य ते पाच ऐसी आपणच मांडावी हा हुकूम असे. रिवाज ऐसा की सर्वांनी चार लिहावे. पाच लिहिता परीक्षा होते, तीन लिहिता संशय येतो, आणि त्याखाली लिहिता असामी बेंचवर बसते, म्हणजे काम नाही आणि दो महिन्यांनी नोकरीही नाही. बाई ऐशा काटेकोर की वरणाचे मीठही चमच्याने मोजोन घालीत. परंतु क्लाउडपुढे दोन साल चार लिहीत आल्या, आणि दोन्ही साल मनी म्हणाल्या की पुढल्या वेळी खरे सांगू.

तो टीमचे सुभेदार ईश्वरसाहेब यांनी तक्ता पाहोन फर्मान काढिले की सत्तर हजार पेन्शनरांचे सॉफ्टवेअर शुक्रवारपासोन क्लाउडवर न्यावे, आणि चार गुण पाहता सेनापतिपद संघप्रियाबाईंस द्यावे.

घरी मसलत बसली. पती समाधानराव त्याच पेशातले, त्यांनी कौल दिला, "अगं, तिथे सगळेच चार आहेत. व्हिडिओ बघत बघत करून टाक."

सासूबाई पंचशीलाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "भाकरी थापता येत नाही हे पाहुण्यांसमोर बिनधास्त सांगतेस. मग हे सांगायला काय होतंय तुला?"

बाई पुन्हा क्लाउडवर चालोन गेल्या, आणि तीन दिवस झुंजोन रेघ एकोणीसवर आणिली; मग त्रैराशिक मांडिले, तो फत्तेस आणखी तीस दिवस निघाले, आणि कूच तर उद्यावर.

शुक्रवारी सभा भरली, पडद्यावर बारा मुखे चौकोनात बसली, आणि ईश्वरसाहेबांनी सेनापती सज्ज आहेत काय म्हणोन पुसिले. मग बाईंनी माइक उघडिला, मागे कुकरने शिटी दिली तरी ढळल्या नाहीत, आणि शके १९४७, फाल्गुन शुद्ध तृतीया, भृगुवासरे, दोन साल अडकलेला मामला मार्गी लागोन बाईंची फत्ते जाहली ऐसे दफ्तरी नोंदिले असे. ते बोल येणेप्रमाणे:

"सर, माझे चार खोटे आहेत, तिथे एक लिहा. मला क्लाउड येत नाही. पेन्शनच्या कामाला मी आत्ता हात लावणार नाही. आधी शिकणार आहे."